बॅरिकेडआधीची वस्ती

१९२१ सालच्या पहिल्या सहा महिन्यांत इटलीतल्या फॅसिस्ट टोळ्यांनी काय काय जाळले, मोडले, लुटले याचा हिशेब आंजेलो तास्का याने मांडून ठेवला आहे. तास्का हा इटालियन कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. पुढे पक्षाने काढून टाकलेला आणि फ्रान्समध्ये परागंदा झालेला. १९३८ साली पॅरिसमध्ये टोपणनावाने छापलेल्या त्याच्या ग्रंथात ही यादी आहे: ११९ कामगार केंद्रे, १०७ सहकारी संस्था, ८३ शेतमजूर संघ, ५९ लोकगृहे, आणि त्यांच्या जोडीला छापखाने, वाचनालये, कामगारांचे क्लब. सत्तेचे ठिकाण म्हणून आपण जे ओळखतो, ते संसद, मंत्रालय किंवा न्यायालय या यादीत नाही. पो नदीच्या खोऱ्यातल्या गावांत रात्री ट्रक भरभरून यायचे ते संघाच्या कचेरीवर आणि सहकारी भांडारावर. त्या भागात कोणाला कामावर घ्यायचे आणि किती मजुरांना घ्यायचे हे ठरवण्यात शेतमजूर संघाचा हात असे. भांडारात माल वाजवी भावाने मिळे. संध्याकाळी माणसे लोकगृहात जमत, भांडतही. हे मोडल्याशिवाय गाव मोडणार नाही हे हल्लेखोरांना आणि त्यांना पैसा पुरवणाऱ्या जमीनमालकांना नेमके कळले होते. इतिहासकारांना ते कळायला पुढची चाळीस-पन्नास वर्षे लागली.

प्रस्तुत संग्रह या उशिरा आलेल्या समजुतीतून निघाला आहे. त्याचा विषय म्हणजे १९१९ ते १९३९ या काळात युरोपातल्या सामान्य वस्त्यांनी फॅसिस्ट चळवळींना केलेला विरोध. दुसऱ्या महायुद्धातली भूमिगत चळवळ, डोंगरातले गनिम, दोस्त सैन्याशी संधान बांधणारे गट यांच्यावर मराठीतही बरेच वाचायला मिळते. तो विषय इथे नाही. इथे आहे ती त्याआधीची वीस वर्षे, जेव्हा फॅसिझम अजून सत्तेवर यायचा होता किंवा नुकताच आला होता, आणि त्याला अडवायचे की नाही, कसे, कोणी, हा प्रश्न खुला होता. या काळाकडे पाहण्याची रूढ पद्धत दोन टोकांची आहे. एकीकडे पक्षांचे ठराव, आघाड्या, निवडणुकांचे आकडे. दुसरीकडे एखाद्या दिवसाची शौर्यगाथा. मला या दोन्हींच्या मधली जागा महत्त्वाची वाटते. वस्तीचा विरोध बॅरिकेडवर जन्माला येत नाही. वेगवेगळ्या पक्षांच्या, धर्मांच्या, धंद्यांच्या माणसांना रोजच्या गरजेपायी एकमेकांचे देणे लागू करणाऱ्या संस्था जिथे आधीपासून होत्या, तिथे तो उभा राहिला. आणि तो टिकला की कोसळला, हे बहुतेक वेळा वस्तीच्या हाती नव्हते. ते राज्ययंत्रणा कोणत्या बाजूला उभी राहते यावर ठरले.

उत्तर इटलीतले पार्मा शहर हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. १९२२च्या ऑगस्टमध्ये कामगार संघटनांनी फॅसिस्ट हिंसेच्या निषेधार्थ पुकारलेला देशव्यापी संप दोन-तीन दिवसांत बारगळला. पार्मात मात्र ओल्त्रेतोरेन्ते, म्हणजे नदीपलीकडची गरिबांची वस्ती, मागे हटली नाही. इतालो बाल्बो याच्या नेतृत्वाखाली आजूबाजूच्या प्रांतांतून हजारो काळे सदरेवाले फॅसिस्ट शहरात उतरले. समोर होता समाजवादी खासदार ग्वीदो पिचेल्ली आणि त्याने बांधलेले ‘आर्दिती देल पोपोलो’ या फॅसिस्टविरोधी दलाचे पथक. फरसबंदीचे दगड, बाके, गाड्या, घरातले सामान रचून गल्ल्या अडवल्या गेल्या. स्त्रियांनी रसद सांभाळली, छपरांवरून माराही केला. समाजवादी, कम्युनिस्ट, अराजकवादी, सिंडिकॅलिस्ट आणि कॅथलिक पक्षाचेही लोक एकाच रांगेत होते, जे त्या वर्षी इटलीत इतरत्र क्वचित दिसले. पाच दिवसांनी बाल्बो परत फिरला. ही कथा इथपर्यंत सांगून थांबण्याचा मोह अनेकांना झाला आहे. पण ओल्त्रेतोरेन्ते एकत्र का राहिली, हे पाहायचे तर १९०८ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी पार्मा प्रांतात शेतमजुरांचा प्रचंड संप झाला, महिनोन्‌महिने चालला. संपकऱ्यांची मुले उपाशी राहू नयेत म्हणून आगगाडीत बसवून दुसऱ्या शहरांतल्या कामगार कुटुंबांकडे पाठवली गेली, आणि शेवटी सैन्य घुसले तेव्हा याच वस्तीने त्याच्याशी झुंज घेतली होती. १९२२च्या बॅरिकेडवरची कित्येक माणसे त्या संपातून तावून निघालेली होती. कोणाच्या घरात कोण जेवले आहे हे त्यांना ठाऊक होते.

तरीही तीन महिन्यांच्या आत मुसोलिनी पंतप्रधान झाला. पार्मा एकटी पडली, आणि ती एकटी पडण्याची कारणे शहराबाहेर होती. ३ ऑगस्ट १९२१ रोजी समाजवादी नेत्यांनी फॅसिस्टांबरोबर ‘शांतता करार’ केला आणि आर्दिती देल पोपोलोशी आपला संबंध नाही असे जाहीर केले. नव्या कम्युनिस्ट पक्षाने, बोर्दिगाच्या नेतृत्वाखाली, आपल्या सदस्यांना त्या दलात जायला बंदी केली. कारण दल पक्षाच्या शिस्तीत नव्हते. पोलीस आणि लष्करी अधिकारी तर कित्येक ठिकाणी टोळ्यांना हत्यारे आणि गाड्या पुरवत होते. याच्या उलट घडले ते सार्झानामध्ये, जुलै १९२१ मध्ये: शे-पाचशे फॅसिस्ट गावात आले, मूठभर काराबिनिएरींनी, म्हणजे लष्करी पोलिसांनी, गोळीबार केला आणि टोळी उधळली, पळणाऱ्यांना गावकऱ्यांनी गाठले. कायद्याचे राखणदार कायदा राखायला उभे राहिले तर काय होते, हे त्या एका सकाळने दाखवले. पुढे तसा प्रसंग इटलीत फारसा आलाच नाही.

जर्मनीची कहाणी अधिक गुंतागुंतीची आणि, खरे सांगायचे तर, अधिक कटू आहे. नोव्हेंबर १९३२च्या निवडणुकीत नाझींना १९६ जागा मिळाल्या. समाजवादी १२१ आणि कम्युनिस्ट १०० मिळून २२१. ही बेरीज गेली नव्वद वर्षे केली जात आहे आणि तिच्यावरून एकजुटीचे धडे दिले जात आहेत. बेरीज बरोबर आहे, धडा मात्र स्वस्त आहे. समाजवाद्यांना ‘सोशल फॅसिस्ट’ ठरवण्याचे धोरण मॉस्कोहून आले हे खरेच. पण बर्लिनच्या वेडिंग आणि नॉयक्योल्न या वस्त्यांना ते पटले त्यामागे मे १९२९ होता. त्या मे दिनी समाजवादी पोलीसप्रमुखाच्या हाताखालच्या पोलिसांनी केलेल्या गोळीबारात तीसहून जास्त माणसे मेली. अशा गल्लीत एकजुटीचा ठराव वाचून दाखवणे सोपे नव्हते. त्यात मंदी आली. ईव्ह रोझेनहाफ्ट आणि पामेला स्वेट या इतिहासकारांनी बर्लिनच्या वस्त्यांचा जो अभ्यास केला, त्यात एक तपशील मला फार बोलका वाटतो. बेकारीमुळे मद्यालयांचे गिऱ्हाईक आटले. कामगारांच्या अड्ड्याचा मालक कर्जात बुडाला. अशा वेळी नाझींच्या एसए दलाने येऊन दरमहा ठराविक खपाची हमी दिली, की अड्डा एका रात्रीत बाजू बदलायचा. १९३१च्या सुमारास बर्लिनमधल्या कितीतरी रक्तरंजित चकमकी या अशा अड्ड्यांवरून झाल्या. कारखान्यातली संघटना बेकारीने पोखरली होती. लढाई कोपऱ्यावरच्या दुकानाशी आली, आणि तिथेही पायाखालची जमीन विकली जात होती.

३१ जानेवारी १९३३ रोजी, हिटलर चान्सलर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, सार्वत्रिक संपाची हाक जर्मनीत फक्त एका गावाने प्रत्यक्षात आणली: व्युर्टेम्बर्गमधले म्योसिंगेन, चारेक हजार वस्तीचे कापडगिरण्यांचे गाव. सुमारे आठशे माणसे मोर्चाने एका गिरणीतून दुसरीकडे गेली. सगळा देश संपावर आहे अशी त्यांची समजूत होती. रॉइटलिंगेनहून आलेल्या पोलिसांनी मोर्चा मोडला, ऐंशीच्या आसपास माणसांना शिक्षा झाल्या. या गावात कामगारांचे क्रीडामंडळ, गायनमंडळ, सहकारी भांडार असे सगळे होते, आणि त्यातून ते उभे राहिले. पण सहा महिन्यांपूर्वी, २० जुलै १९३२ रोजी, प्रशियाचे समाजवादी सरकार वटहुकमाने बरखास्त झाले तेव्हा प्रजासत्ताकाच्या रक्षणासाठी उभ्या केलेल्या लाखोंच्या ‘राइखस्बानर’ दलाला कोणी हाक दिली नव्हती. त्या दिवशी गमावलेली गोष्ट म्योसिंगेन कुठून परत आणणार?

ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि स्पेन यांना या संग्रहात आपापली जागा आहे. इथे त्यांचा धावता उल्लेख पुरे. व्हिएन्नाच्या महापालिकेने बारा वर्षांत साठ हजारांहून अधिक घरे बांधली. फेब्रुवारी १९३४ मध्ये डोलफुसच्या सरकारने याच वसाहतींवर तोफा डागल्या. रेल्वे चालू राहिली, संप फसला, लढाई चार दिवसांत संपली. त्याच आठवड्यात, १२ फेब्रुवारीला, पॅरिसमध्ये समाजवादी आणि कम्युनिस्ट यांचे वेगवेगळे निघालेले मोर्चे रस्त्यात एकमेकांत मिसळले. नेत्यांनी आघाडीचा करार त्यानंतर केला. बार्सिलोनात १९ जुलै १९३६ रोजी सैन्याचे बंड मोडले ते वस्तीवस्तीतल्या संरक्षण समित्यांनी, सरकारशी एकनिष्ठ राहिलेल्या पोलिसांच्या साथीने. त्या समित्या ज्या गल्ल्यांत होत्या तिथे पाच वर्षांपूर्वी भाडेबंदीची मोठी चळवळ झाली होती.

सर्वांत जास्त गाजलेला दिवस म्हणजे ४ ऑक्टोबर १९३६, लंडनच्या ईस्ट एंडमधली केबल स्ट्रीट. ऑस्वाल्ड मोस्लीच्या ब्रिटिश युनियन ऑफ फॅसिस्ट्‌सने ज्यूंच्या दाट वस्तीतून गणवेशात संचलन करायचे ठरवले. ज्यू समाजाच्या प्रतिष्ठित मंडळींनी, मजूर पक्षाने आणि त्याच्या वर्तमानपत्राने ‘घरात बसा’ असा सल्ला दिला. कम्युनिस्ट पक्षाने तर त्याच दिवशी ट्रफाल्गर चौकात स्पेनसाठी सभा ठेवली होती. स्थानिक कार्यकर्त्यांच्या रेट्याने ती ऐनवेळी बाजूला पडली. रस्त्यावर आलेल्या जनसागराची झटापट झाली ती मुख्यतः पोलिसांशी, फॅसिस्टांशी नव्हे, ही बाब स्मरणसोहळ्यांत हटकून विसरली जाते. अखेर पोलीस आयुक्त फिलिप गेम यांनी मोस्लीला परत फिरायला सांगितले. ज्यू शिंप्यांच्या शेजारी आयरिश गोदी कामगार उभे राहिले त्याचे आश्चर्य अनेकांना वाटले. १९१२ साली गोदी कामगारांचा संप लांबला तेव्हा ज्यू शिंपी कुटुंबांनी त्यांची सुमारे तीनशे मुले आपल्या घरी आणून जेवूखाऊ घातली होती, हे माहीत असले की आश्चर्य उरत नाही. पार्माच्या मुलांसारखीच ही मुले. दोन शहरांत, दोन भिन्न परंपरांत एकच गोष्ट घडावी, याला मी योगायोग म्हणणार नाही.

या साऱ्या घडामोडींचा अर्थ लावणारे प्रवाह ढोबळपणे चार. पहिला त्या काळातल्याच मार्क्सवाद्यांचा: क्लारा झेटकिनने १९२३ मध्येच फॅसिझम ही केवळ भांडवलदारांची भाडोत्री फौज नसून हताश झालेल्यांची सामूहिक चळवळ आहे असे बजावले होते, कॉमिन्टर्नने, म्हणजे कम्युनिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, ते ऐकले नाही, आणि १९३५ साली दिमित्रोव्हने लोकआघाडीची भूमिका मांडेपर्यंत बारा वर्षे गेली. दुसरा युद्धोत्तर राष्ट्रीय स्मृतीचा, ज्यात प्रत्येक देशाने आपला प्रतिकार एकसंध आणि गौरवशाली करून घेतला. तिसरा सामाजिक इतिहासाचा, साठच्या दशकापासूनचा: विल्यम शेरिडन ॲलन यांचा एकाच जर्मन शहराचा अभ्यास, लुइझा पासेरिनी यांनी तुरिनच्या कामगारांच्या तोंडून ऐकलेल्या आठवणी, बर्लिनवरचे वर उल्लेखिलेले काम. चौथा प्रवाह संशयवाद्यांचा. फ्रान्स्वा फ्युरे यांनी १९९५ साली मांडले की फॅसिस्टविरोध हा बराचसा स्टालिनच्या राजकारणाला मिळालेला प्रतिष्ठित मुखवटा होता. हा संग्रह तिसऱ्या प्रवाहातला आहे. पण चौथ्याला टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

फ्युरे यांचा आक्षेप बुद्धिजीवींच्या परिषदांना, जाहीरनाम्यांना पुष्कळसा लागू पडतो. वस्तीला तो लागू पडत नाही, आणि त्याचा पुरावा वर आलाच आहे. पार्मात पक्षाची बंदी असताना माणसे लढली, लंडनमध्ये पक्षाचा बेत बदलायला लावून लढली, पॅरिसमध्ये नेत्यांच्या आधी एकत्र आली. वस्ती बहुतेकदा मॉस्कोच्या पुढे होती, कधी विरुद्ध. याहून कठीण आक्षेप आकडेवारीतून येतो. शेरी बर्मन यांनी, आणि त्यांच्यानंतर काही अर्थशास्त्रज्ञांनी, दाखवले की वायमार जर्मनीत जिथे मंडळे, क्लब, संघटना जास्त तिथे नाझी पक्ष अधिक वेगाने पसरला. म्हणजे संस्थांचे दाट जाळे फॅसिझमला अडवते हे विधान सरळसोट खरे नाही. मला हा आक्षेप मान्य आहे, आणि म्हणूनच वर मी ‘वेगवेगळ्या माणसांना एकमेकांचे देणे लागू करणाऱ्या’ असे शब्द वापरले. सारख्याच थरातल्या, सारख्याच धर्माच्या माणसांना एकत्र बसवणारे नेमबाजी मंडळ आणि भाडेवाढीविरुद्ध ज्यू, आयरिश, इंग्रज यांना एकाच जिन्यात उभे करणारी समिती या दोन्ही संस्थाच. पण पहिलीत शेजाऱ्याविषयीचा संशय शाबूत राहतो, दुसरीत तो परवडत नाही. शिवाय त्या अर्थशास्त्रज्ञांच्याच अभ्यासात असेही दिसते की प्रशियासारख्या तुलनेने स्थिर सरकार असलेल्या राज्यात हा संबंध कमकुवत होता. म्हणजे पुन्हा राज्ययंत्रणाच.

तिसरा आक्षेप रोज ऐकू येणारा: रस्त्यावर अडवल्याने फॅसिस्टांना प्रसिद्धी मिळते, सहानुभूती मिळते. केबल स्ट्रीटबाबत तो पूर्ण खोटा नाही. पुढच्याच रविवारी माइल एंड रोडवर ज्यूंची दुकाने फोडली गेली. मोस्लीच्या पक्षात ईस्ट एंडमधून त्या हिवाळ्यात नवी भरतीही झाली. मार्च १९३७च्या लंडन काउंटी कौन्सिलच्या निवडणुकीत बेथनल ग्रीनमध्ये त्याला शेकडा २३ मते पडली, जागा मात्र एकही नाही. गणवेशबंदीचा जो कायदा आला, त्यातली मोर्चाबंदीची कलमे पुढे डाव्यांविरुद्धही वापरली गेली. मग त्या दिवसाने काय साधले? एकट्या त्या दिवसाने फारसे नाही, असे माझे मत आहे. साधले ते नंतरच्या दोन वर्षांनी. कम्युनिस्ट पक्षाचे फिल पिराटिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईस्ट एंडमधल्या स्टेपनीत भाडेकरूंची संघटना बांधली; गळक्या छतांसाठी आणि अवाच्या सवा भाड्याविरुद्ध संप केले. एका घरातून हाकलले जाणारे कुटुंब मोस्लीच्या पक्षाचे सभासद होते; समितीने त्यांचीही बेदखली अडवली, आणि त्यांनी सभासदत्वाची पत्रे फाडली, असे पिराटिन यांनी लिहून ठेवले आहे. हे लिहिणारा पक्षाचा माणूस आहे, त्यामुळे गोष्ट थोडी गोंडस झाली असेल. पण १९३८-३९च्या भाडेसंपांना दुजोरा देणारे पुरावे भरपूर आहेत, आणि १९४५ साली याच मतदारांनी पिराटिन यांना संसदेत पाठवले.

मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. नागपूरचे बा. शि. मुंजे १९ मार्च १९३१ रोजी रोममध्ये मुसोलिनीला भेटले, तिथल्या युवक संघटना पाहून प्रभावित झाले, हे त्यांच्याच दैनंदिनीत नोंदलेले आहे. त्याच नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह, लंडनला पत्रकारिता शिकायला गेले आणि तिथून ‘जॉन स्मिथ’ या नावाने स्पेनमध्ये आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये लढायला उतरले; १९३८ मध्ये पकडले जाऊन फ्रँकोच्या तुरुंगात राहिले आणि परतल्यावर कम्युनिस्ट झाले. ज्या ब्रिटिश तुकडीला सुरुवातीला मुंबईत जन्मलेल्या शापुरजी सकलातवाला यांचे नाव दिले होते, तीत एक नागपूरकर असावा, ही इतिहासाची गंमत आहे. त्याहून महत्त्वाचा धागा पद्धतीचा. राजनारायण चंदावरकर यांनी गिरणगावाबद्दल दाखवले की १९२८चा सहा महिन्यांचा संप केवळ गिरणीच्या दारात लढला गेला नाही. वाण्याची उधारी, खोलीभाड्यातली सवलत, व्यायामशाळा, गावकीचे संबंध यांवर तो तगला. हीच नजर ओल्त्रेतोरेन्ते आणि स्टेपनीकडे वळवली की बरेच काही नव्याने दिसते. आज गिरणगावच्या जागी मनोरे आहेत, युरोपातली कामगार केंद्रे ओस पडली आहेत, आणि उजव्या आक्रमक चळवळी पुन्हा निवडणुका जिंकत आहेत. अशा वेळी केबल स्ट्रीटची भित्तिचित्रे रंगवली जातात, पण भाडेकरू समिती कशी चालवायची हे सांगणारे फारसे कोणी उरलेले नाही. या विषयाची आजची निकड मला इथे दिसते.

या संग्रहाने पुराव्यांची निवडही त्याच हेतूने केली आहे. पोलिसांचे अहवाल आणि पक्षांची मुखपत्रे, दोन्ही बॅरिकेडवरचे पुरुष मोजतात. भाडे थकवण्याचा निर्णय जिन्यात उभ्या राहून घेणाऱ्या, संपाचे स्वयंपाकघर चालवणाऱ्या स्त्रिया त्यांत जवळजवळ दिसत नाहीत. म्हणून इथे सहकारी भांडारांची खाती, भाडेकरू समित्यांची इतिवृत्ते आणि मौखिक आठवणी यांना वजन दिले आहे. आठवणी एकमेकींना खोट्या पाडतात तिथे त्या तशाच ठेवल्या आहेत. पराभवांना विजयांपेक्षा जास्त पाने मिळाली आहेत, आणि हिंसेच्या प्रश्नावर लेखकांचे आपसात एकमत नाही. ते घडवून आणण्याचा प्रयत्नही संपादकांनी केलेला नाही. ज्यांना चकमकींची वर्णने आधी वाचायची आहेत त्यांनी मधली प्रकरणे उघडावीत. अनुक्रमाने वाचणाऱ्यांना पहिली दोन प्रकरणे पार करावी लागतील, आणि ती १९०८ आणि १९१२ या सालांवर आहेत.